अलकापुरीतलं 'प्री-मेड कोर्स प्लॅनिंग' पॅकेज घ्यावं का? कॅल्क्युलस की स्टॅट्स यावर आमचा अनुभव

रेटिंग पाचपैकी अडीच, त्यातले दोन स्टार तिथल्या त्या धाकट्या काउन्सेलरला आणि अर्धा एसीला, कारण मे महिन्यात बडोद्यात दुपारी तीनला कोणी एसीत बसवून पाणी विचारलं तर तेवढं द्यायलाच हवं.

ऑफिसचं नाव लिहीत नाहीये. मालकांची आई आणि माझ्या सासूबाई एकाच भजनी मंडळात आहेत आणि मला दर एकादशीला त्यांच्यासमोर बसायचं असतं. अलकापुरीत आर. सी. दत्त रोडच्या आसपास अशी इतकी ऑफिसं आहेत की नाव कळून फार फरक पडणार नाही, पॅकेजची नावं वेगळी, आतला माल बराचसा सारखाच.

आधी आमची केस सांगते म्हणजे तुमच्याशी जुळते का ते बघा. मुलगी न्यू जर्सीत जन्मलेली, पासपोर्ट अमेरिकन, पण लहानपणीच परत आलो त्यामुळे शाळा सगळी इथेच, गुजरात बोर्ड, बारावी सायन्स, बी ग्रुप. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी सांगते, आमच्याकडे ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे बायोलॉजी, आणि एबी म्हणजे दोन्ही घेणारी शूर मंडळी. बी घेतला की दहावीनंतर गणिताचं पुस्तक घरात येत नाही. नीट का नाही दिली हे दांडिया बाजारातल्या प्रत्येक नातेवाईकाने विचारून झालंय, तर उत्तर असं की ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या लोकांना, नीट देता येते पण ४ मार्च २०२१ च्या नोटिफिकेशननंतर ज्यांना कार्ड मिळालं त्यांना सीट मिळते ती एनआरआय कोट्यातलीच आणि ती फी आम्हाला झेपणारी नाही. म्हणून मिडवेस्टमधली एक स्टेट युनिव्हर्सिटी, मेजर म्हणजे मुख्य विषय बायोलॉजी, ट्रॅक प्री-मेड.

ट्रॅक मुद्दाम म्हटलं, कारण प्री-मेड नावाची डिग्री नसते. चार वर्षांचं ग्रॅज्युएशन कशातही करा, अगदी इतिहासात करा, त्यात मेडिकल स्कूलला लागणारे विषय बसवा, एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्या, मग चार वर्षं एमडी, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं ट्रेनिंग. आणि अजून एक, भारतीय पासपोर्टवर जाणार असाल तर हे पैसे भरण्याआधी विचारा की तिकडच्या किती मेडिकल स्कूल परदेशी मुलांना घेतात, कारण बऱ्याच घेतच नाहीत. आम्ही वेटिंगमध्ये बसलो होतो तेव्हा शेजारच्या टेबलावर एका कुटुंबाला हेच पॅकेज समजावून सांगत होते, मुलाचा पासपोर्ट इंडियन, आणि हा विषय कोणी काढला नाही. मीच न राहवून त्या मुलाच्या वडिलांना लिफ्टपाशी सांगितलं.

पॅकेज १८,००० अधिक जीएसटी, म्हणजे २१,२४०. त्यात एक मीटिंग ऑफिसात, एक झूमवर, एक 'पर्सनलाइज्ड कोर्स मॅप' पीडीएफ आणि पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत व्हॉट्सॲप सपोर्ट. ऑफिसातली मीटिंग मोठ्या सरांबरोबर. सर माणूस गोड, "बेन, चिंता ना करो, बधुं थई जशे" हे इतक्या वेळा म्हणाले की मला चिंता वाटायला लागली. त्यांचा प्लॅन असा, पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस वन, दुसऱ्याला कॅल्क्युलस टू, स्टॅटिस्टिक्स नंतर कधीतरी जमलं तर. का, तर मेडिकलवाल्यांना मॅथ्स स्ट्राँग दिसलं पाहिजे. मुलगी म्हणाली सर मी बी ग्रुप आहे, तर म्हणाले समरमध्ये यूट्यूबवर बघून घे, लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह काय, दोन आठवड्यांत होतं.

मग पीडीएफ आली. पहिल्या पानावर तिचं नाव, फोटो, छान निळा बॉर्डर, आणि चौथ्या पानावर लिहिलंय की एपी कॅल्क्युलसचं क्रेडिट वापरून थेट कॅल्क्युलस टू घ्यावं. एपी! म्हणजे तिकडच्या शाळांतली कॉलेजच्या पातळीची परीक्षा, चांगली गेली की कॉलेजात तो कोर्स झालेला धरतात. हिने ती दिलेलीच नाही, तिच्या शाळेत ते नाव कोणी ऐकलेलं नाही, आणि याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर कॅल्क्युलस वन घ्या लिहिलंय. म्हणजे ए ग्रुपमधून कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्या कुणा मुलाचा झगा उसवून आमच्या मुलीला चढवला होता, बाह्यासुद्धा आखूड केल्या नव्हत्या.

आता मी स्वतः रावपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये इतकी वर्षं काम करते, मला परदेशी अ‍ॅडमिशनमधलं काही कळत नाही पण रिपोर्ट कसा वाचायचा ते कळतं. म्हणून आम्ही दोघी बसलो आणि जे मुळातून तपासता येतं ते तपासलं.

पहिलं एमकॅट. ही परीक्षा एएएमसी, म्हणजे तिकडच्या मेडिकल कॉलेजांची संघटना घेते, चार भाग, २३० प्रश्न, ब्रेक वगैरे धरून साधारण साडेसात तास, स्कोअर ४७२ ते ५२८. आणि त्यांच्या स्वतःच्या माहितीतच लिहिलंय की कॅल्क्युलस यायची गरज नाही. वरून कॅल्क्युलेटर नेता येत नाही! म्हणजे लागतं काय तर अंकगणित, बीजगणित, थोडी ट्रिगोनोमेट्री, दहाचे घात, लॉगॅरिदम, आणि ग्राफ, टेबल, डेटा वाचून अर्थ लावणं. उदाहरणार्थ रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.१ वर आला तर हायड्रोजन आयनचं प्रमाण किती वाढलं. फरक ०.३, दोनचा लॉग साधारण ०.३, म्हणजे दुप्पट, संपलं. हे डोक्यात झालं पाहिजे. आमच्या मुलीला लॉग म्हणजे केमिस्ट्रीच्या पेपरला मिळणारं टेबल एवढंच माहीत होतं, आणि बी ग्रुपच्या बहुतेक मुलांचं तसंच असतं. तिला कॅल्क्युलस टू नाही, हे हवं होतं.

मोठ्या सरांच्या मीटिंगमध्ये जी गोष्ट एकदाही निघाली नाही ती दुसऱ्या, झूमवरच्या मीटिंगमध्ये त्या धाकट्या मुलाने पहिल्या पाच मिनिटांत काढली. हा मुलगा स्वतः तिकडे शिकून आलेला, त्याने विचारलं, "मावशी, प्लेसमेंट टेस्टचा स्कोअर आला का?" मी म्हटलं कसली टेस्ट. तर तिकडच्या बऱ्याच युनिव्हर्सिटीत गणिताचा कुठला कोर्स घेता येईल ते तुम्ही ठरवत नाही, प्लेसमेंट ठरवतं. पुष्कळ ठिकाणी अ‍ॅलेक्स नावाची ऑनलाइन टेस्ट असते, जास्तीत जास्त ३० प्रश्न, तुम्ही जसं उत्तर द्याल तसा पुढचा प्रश्न बदलतो, स्कोअर ० ते १००, आणि त्या आकड्यावरून तुम्हाला कॉलेज अल्जेब्रा, प्रीकॅल्क्युलस का कॅल्क्युलस ते दार उघडतं. प्रत्येक युनिव्हर्सिटीचे कटऑफ वेगळे, परत देता येते का आणि किती वेळा तेही वेगळं.

आणि खरी मेख पुढे आहे, जी ऐकून आम्ही दोघी वहीत लिहून घ्यायला लागलो. जनरल केमिस्ट्री वनला बऱ्याच ठिकाणी गणिताची अट असते, म्हणजे प्लेसमेंट अमुक इतकं हवं किंवा कॉलेज अल्जेब्रा झालेलं किंवा सोबत चालू हवं. ती अट चुकली तर पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्री मिळत नाही. जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर, मग ऑरगॅनिक दोन, मग बायोकेमिस्ट्री, ही सगळी एकाला एक जोडलेली, आणि एमकॅटमध्ये बायोकेमिस्ट्री भरपूर. पहिला डबा उशिरा सुटला की सगळी गाडी उशिरा, मग समर कोर्स घ्या, त्याची फी वेगळी. तर प्री-मेड मुलांसाठी पहिल्या वर्षीच्या गणिताचा प्रश्न कॅल्क्युलस की स्टॅट्स इथून सुरूच होत नाही, केमिस्ट्रीचं दार उघडतंय का इथून सुरू होतो. हे एक वाक्य मोठ्या सरांनी सांगितलं असतं तर मी चार स्टार दिले असते.

त्या मुलाने दुसरी कामाची गोष्ट सांगितली ती जीपीएची, म्हणजे सगळ्या कोर्सांच्या ग्रेडच्या ४ पैकी सरासरीची. अमेरिकेत बहुतेक एमडी स्कूलचे अर्ज एएमसीएएस नावाच्या एकाच ठिकाणाहून जातात आणि तिथे तुमचे मार्क परत मोजतात, एक एकूण जीपीए आणि एक वेगळा बीसीपीएम, म्हणजे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स. स्टॅटिस्टिक्स, बायोस्टॅटिस्टिक्स हे मॅथ्समध्येच धरतात. आणि एकदा खराब ग्रेड आली म्हणून कोर्स परत केला तरी दोन्ही वेळचे मार्क मोजले जातात, युनिव्हर्सिटीने स्वतःच्या मार्कशीटवर जुनी ग्रेड पुसली असली तरी. वेळेत कोर्स सोडला तर डब्ल्यू येतो, तो जीपीएत धरत नाहीत पण दिसतो. हिशोब करून बघा ना, चार-चार क्रेडिटचे चार कोर्स, तिघांत ए म्हणजे ४.०, आणि कॅल्क्युलसमध्ये सी म्हणजे २.०, तर सेमिस्टर थेट ३.५ वर. पहिलं सेमिस्टर, नवीन देश, थंडी, हातचा स्वयंपाक नाही, आणि त्यात यूट्यूबवर दोन आठवड्यांत शिकलेलं लिमिट. कशासाठी?

कॅल्क्युलस नकोच असं मात्र मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा नाहीतर खाली येऊन भांडाल. तीन ठिकाणी बघायचं. एक, तुमचं मेजर. बायोलॉजीच्या बीएस डिग्रीला बऱ्याच युनिव्हर्सिटीत एक सेमिस्टर तरी कॅल्क्युलस लागतं, बीएला कधी लागत नाही, सायकॉलॉजी किंवा पब्लिक हेल्थला सहसा स्टॅट्सवर भागतं. काही ठिकाणी लाइफ सायन्सवाल्यांसाठी वेगळं गणित असतं, यूसीएलएमध्ये एलएस ३०ए आणि ३०बी आहे तसं, त्यात शिकार करणारे प्राणी आणि त्यांचं भक्ष्य, कोणाची संख्या कशी वरखाली होते असली उदाहरणं घेऊन शिकवतात. असं काही तुमच्या युनिव्हर्सिटीत असेल तर इंजिनीअरांच्या वर्गात जाऊन बसू नका. दोन, फिजिक्स. तिकडे ते दोन प्रकारचं, कॅल्क्युलसवालं आणि बीजगणितावरचं, आणि प्री-मेडला सहसा बीजगणितावरचं चालतं. तीन, तुम्हाला जिथे अर्ज करायचाय त्या मेडिकल स्कूल. यात एकवाक्यता अजिबात नाही, कोणी गणित मागतच नाही, कोणी नुसतं शिफारस करतं, कोणी वर्षभराचं मागतं, टेक्ससमधल्या बहुतेक मेडिकल स्कूलना स्टॅटिस्टिक्सचे ३ क्रेडिट लागतात. २००९ साली एएएमसी आणि हॉवर्ड ह्यूज इन्स्टिट्यूटने मिळून एक अहवाल काढला होता की ठरावीक कोर्सांची यादी मागण्यापेक्षा मुलाला काय करता येतं ते बघा, तेव्हापासून बऱ्याच जणांनी याद्या सैल केल्या. एएएमसीचंच एमएसएआर नावाचं डेटाबेस आहे, वर्गणी भरून सगळ्या शाळांच्या अटी एका जागी दिसतात, आणि ती वर्गणी या पॅकेजच्या पुढे किरकोळ आहे. एपीचं क्रेडिट असेल त्यांनी तिथे तेही बघावं, काही मेडिकल स्कूल ते धरत नाहीत, वरचा कोर्स करा म्हणतात.

आता स्टॅट्सबद्दल माझं लॅबवालीचं मत. समजा एखादा आजार १००० माणसांत १० जणांना आहे. टेस्ट आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगी माणसांना ९५ टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते. ऐकायला झकास टेस्ट. तर १० पैकी ९ सापडले, आणि ९९० निरोग्यांपैकी ५ टक्के, म्हणजे जवळपास ५० जण, उगीच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५९, त्यात खरे ९. म्हणजे हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट असलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता १५ टक्के! हे काउंटरवर रडणाऱ्या माणसाला समजावताना माझी दमछाक होते, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरांनाही समजावताना होते. डॉक्टर होणाऱ्या मुलीने पहिल्या वर्षी हे शिकावं असं मला वाटलं तर काय चुकलं? औषध शरीरातून कसं बाहेर पडतं, त्यात कॅल्क्युलस आहे हे मान्य, दर हाफ-लाइफला निम्मं, पाच हाफ-लाइफनंतर जेमतेम ३ टक्के उरतं, त्या वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ वगैरे, पण ते वापरायला एक्स्पोनेन्शियल आणि लॉग पक्का लागतो, इंटिग्रेशनचे वीस प्रकार पाठ लागत नाहीत.

शेवटी ठरलं काय, तर पहिल्या सेमिस्टरला प्रीकॅल्क्युलस आणि केमिस्ट्री सोबत, दुसऱ्याला स्टॅट्स, आणि कॅल्क्युलस वन दुसऱ्या वर्षी, कारण तिच्या मेजरला एक सेमिस्टर लागतंच. कॅल्क्युलस टू नाही. आणि हे ठरवलं कोणी, तर युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या अ‍ॅडव्हायझरने, ओरिएंटेशनच्या झूम कॉलवर, आपल्याकडे रात्र होती एवढंच, फुकट! त्या बाईंनी तिची मार्कशीट समोर ठेवून मेजरची यादी उघडली आणि एकेक अट टिक करत गेल्या. एकूण क्रेडिट १५ च्या आसपास ठेव, १२ च्या खाली गेलीस तर फुल-टाइम धरत नाहीत, म्हणून एखादा कोर्स सोडायची वेळ आली तर तेवढी जागा राहू दे, हेही त्यांनीच सांगितलं. काउन्सेलरला पैसे देण्याआधी तुमच्या मुलाच्या युनिव्हर्सिटीत प्री-हेल्थ अ‍ॅडव्हायझिंग नावाचं ऑफिस आहे का ते बघा, मोठ्या युनिव्हर्सिटीत बहुतेक असतंच.

प्लेसमेंटच्या तयारीसाठी तिने खान अकॅडमीवर अल्जेब्रा टू आणि प्रीकॅल्क्युलस केलं, तेही फुकट, आणि अकरावीचं एनसीईआरटीचं गणिताचं पुस्तक, पीडीएफ साइटवर मिळतं. त्रिकोणमितीला माझी एक मैत्रीण उपयोगी पडली, सयाजीराव युनिव्हर्सिटीतून स्टॅटिस्टिक्समध्ये एमएससी केलेली, तिने संध्याकाळी कमाटी बागेत चालता चालता युनिट सर्कल हवेत काढून दाखवलं, लोक बघत होते. प्लेसमेंट स्वतःच द्या हं, घरून देता येते म्हणून शेजारी एबी ग्रुपवाल्या दादाला बसवणारे आई-बाबा माझ्या माहितीत आहेत, मग ती मुलं ऑक्टोबरमध्ये कॅल्क्युलसच्या वर्गात बसून घरी फोन करतात.

पॅकेजच्या बाकीच्या गोष्टी पटकन. ऑफिस स्वच्छ, पार्किंग नाही, गाडी लांब लावून चालत या. व्हॉट्सॲप सपोर्टमध्ये पहिल्या आठवड्यात लगेच उत्तर, नंतर 'नोटेड मॅम' आणि हात जोडलेला इमोजी. चुकीच्या पीडीएफबद्दल सांगितलं तर दुसरी पीडीएफ आली, त्यात एपी काढलं होतं पण कॅल्क्युलस टू तसंच, बॉर्डर मात्र हिरवी केली. धाकटा काउन्सेलर खरंच चांगला आहे, जायचंच असेल तर फोनवर आधीच सांगा की दोन्ही मीटिंग तिकडे शिकून आलेल्या माणसाबरोबरच हव्यात, आणि बी ग्रुप आहे हे तीनदा सांगा. ए किंवा एबी ग्रुपचा, गणितात ९० च्या पुढचा मुलगा असेल तर त्यांचा छापील प्लॅन त्याला कदाचित बसेलही, पण मग त्याला सल्ला लागतो कशाला.

रिफंडचं विचारलं. सर म्हणाले रिफंड पॉलिसी नाही बेन, पण अर्धी रक्कम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पॅकेजमध्ये वळती करून देतो, भाचा जर्मनीला जायचं म्हणतोय ना. भाच्याला मी परस्पर नको म्हणून सांगितलंय, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.